घर्षण शिल्लक ठेवणारे तेल

यंत्रात तेल कशासाठी घालतात? सातवी-आठवीच्या कोणत्याही वर्गात हा प्रश्न विचारला तर ‘घर्षण कमी करण्यासाठी’ असे उत्तर एका सुरात येते. उत्तर बरोबरच आहे. दाराच्या बिजागरीत, शिवणयंत्रात, सायकलच्या साखळीत तेलाचे काम तेच असते. पण काही मोटारगाड्यांत एक जागा अशी असते की जिथे तेलात बुडालेल्या पोलादी चकत्यांनी एकमेकींना बऱ्यापैकी धरून ठेवावे अशी अपेक्षा असते. तेलाने तिथले घर्षण पार घालवले तर ती जागा निरुपयोगी होते. आणि तेलाने घर्षण आवरलेच नाही, तर वळण घेताना गाडीच्या मागच्या भागातून कुरकुर ऐकू येते, हादरे बसतात आणि चकत्या झिजून जातात.

ही जागा म्हणजे ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’, मराठीत म्हणायचे तर चाकाची घसरण मर्यादेत ठेवणारे डिफरन्शियल. त्यातील तेल बदलताना कुशल कारागीर एका छोट्या बाटलीतला आणखी एक द्रव मोजून घालतो आणि नंतर गाडी मोकळ्या मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून आणतो. तो द्रव कशासाठी आणि हे आठ कशासाठी, याचा शोध घेऊ लागलो की अकरावीच्या पुस्तकातील घर्षणाचे एक विधान पुन्हा तपासून पाहावे लागते.

वळणावरची दोन चाके

कवायतीच्या तासाला चार मुलांची रांग हात धरून वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडीच्या मागच्या दोन चाकांचे असेच असते. दोन चाकांतील अंतर १.४ मीटर आहे आणि गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतले असे समजू. आतल्या चाकाच्या वर्तुळाची त्रिज्या ‘त्रि’ असेल तर बाहेरच्याची ‘त्रि + १.४’. दोन परिघांतला फरक २π × १.४, म्हणजे सुमारे ८.८ मीटर. यात ‘त्रि’ उरतच नाही! वर्तुळ लहान असो वा मोठे, बाहेरचे चाक ८.८ मीटरच जास्त चालते. (गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. पृथ्वीभोवती बांधलेल्या दोरीच्या कोड्यापेक्षा ते मुलांना अधिक जवळचे वाटते.) चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरला तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ४.४ फेरे जास्त फिरते.

दोन्ही चाके एकाच सरळ कांबीवर पक्की बसवली तर वळताना एखादे चाक रस्त्यावर घासत, फरफटत जाईल. यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याने तो वाफेच्या गाडीसाठी योजला होता. इंजिनाकडून येणारा दांडा एक पेटी फिरवतो. पेटीत समोरासमोर दोन दातेरी चक्रे असतात, प्रत्येक चक्र एका चाकाच्या आसाला जोडलेले. दोघांच्या मध्ये पेटीला अडकवलेली छोटी चक्रे असतात. गाडी सरळ जाताना हा सगळा संच एकसंध फिरतो. वळणावर छोटी चक्रे स्वत:भोवती फिरू लागतात आणि एक चाक पेटीपेक्षा जितके मागे पडते तितकेच दुसरे पुढे जाते. आपल्या उदाहरणात एक २.२ फेरे मागे, दुसरे २.२ फेरे पुढे.

इथवर सर्व छान. पण या सोयीची एक किंमत मोजावी लागते. मधोमध बांधलेले बैलांचे जू आठवा. दोन्ही बैल सारखे ओढत असतील तरच जू सरळ राहते. एका बैलाने अंग सोडले की जू तिरके होते आणि दुसरा कितीही दणकट असला तरी त्याचा जोर वाया जातो. डिफरन्शियलमधील छोटी चक्रे या जुवासारखीच असतात. दोन्ही चाकांना ती नेहमी सारखाच पीळ देतात. एक चाक चिखलात रुतले आणि चिखलाला फक्त १०० न्यूटन-मीटर पीळ पेलवत असला, तर कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही १०० न्यूटन-मीटरच मिळतो. गाडी हलत नाही आणि चिखलातले चाक गरागरा फिरत राहते. पावसाळ्यात हे दृश्य आपण सर्वांनीच पाहिले आहे.

शर्यतीच्या गाड्यांत हीच अडचण वेगळ्या रूपाने आली. फर्डिनांड पोर्शे यांनी रचलेल्या जर्मनीतील ऑटो युनियनच्या शर्यती मोटारींचे इंजिन इतके जोरकस होते की कोरड्या रस्त्यावरही एक चाक जागच्या जागी फिरे. १९३५ च्या सुमारास झेडएफ या कंपनीकडून त्यांच्यासाठी घसरण रोखणारे डिफरन्शियल तयार करून घेण्यात आले. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सर्वसामान्य मोटारींतही असे डिफरन्शियल मिळू लागले.

युक्ती साधी आहे. प्रत्येक दातेरी चक्राच्या मागे पातळ चकत्यांची एक चवड ठेवतात. एक चकती पेटीला अडकवलेली, पुढची चक्राच्या आसाला, पुन्हा एक पेटीला, अशी ती रचना असते. स्प्रिंगा ही चवड दाबून धरतात, आणि इंजिनाचा जोर वाढला की दात एकमेकांना दूर ढकलत असल्यामुळे दाबही वाढतो. चिखलातले चाक भरधाव फिरू लागले की चकत्या एकमेकींवर घासतात, आणि त्या घर्षणाचा पीळ वेगाने फिरणाऱ्या बाजूकडून मंद बाजूकडे जातो. चकत्यांचा पीळ २०० न्यूटन-मीटर धरला तर चिखलातल्या चाकाला १०० असताना कोरड्या चाकाला ३०० मिळतात. एकूण २०० च्या जागी ४००. गाडी बाहेर पडते.

म्हणजे गाडी चिखलातून बाहेर काढणारे बळ हे घर्षणाचे बळ आहे, आणि ते तेलात बुडालेल्या चकत्यांमधून यायचे आहे.

फळ्यावर किंचाळणारा खडू

आता वळणाकडे परत येऊ. वळण घेताना याच चकत्यांना एकमेकींवर सरकावे लागते, पण अगदी हळू. गाडी ताशी १४ किलोमीटर वेगाने सुमारे १० सेकंदांत एक वर्तुळ घेते असे धरू. तेवढ्या वेळात प्रत्येक चवडीतील चकत्या २.२ फेरे सरकतात. चकतीची सरासरी त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल तर सरकण्याचे अंतर सुमारे ७० सेंटिमीटर, आणि वेग सेकंदाला ७ सेंटिमीटर. फळ्यावर सावकाश अक्षरे काढताना आपला खडूही असाच रमतगमत चालतो.

आणि खडू कधी कधी किंचाळतो. असे का होते? खडूचे टोक आधी फळ्याला चिकटून राहते. हात पुढे जात असतो, त्यामुळे खडू आणि बोटे किंचित वाकतात. ताण वाढून स्थितिक घर्षणापेक्षा जास्त झाला की टोक सुटते. एकदा सुटले की गतिज घर्षण कमी असल्यामुळे ते झपकन पुढे उडी घेते, ताण उतरतो आणि टोक पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे चालते, तीच किंकाळी. काही वेळा रेघेऐवजी ठिपक्यांची ओळ उमटते. तो या ‘चिकट-सुट’ गतीचा उघड पुरावा आहे. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. तिथे ते हवे असते, म्हणून गजाला राळ लावतात. राळेमुळे चिकटणे आणि सरकणे यांतला फरक वाढतो.

डिफरन्शियलमध्ये खडूच्या जागी चकत्या असतात आणि वाकणाऱ्या बोटांच्या जागी पोलादी आस. चकत्या चिकटल्या की आसाला पीळ पडतो, सुटल्या की तो उलगडतो, पुन्हा चिकटल्या की पुन्हा पडतो. चालकाला ही थरथर जाणवते आणि गिअर मोडला की काय अशी शंका येते. पुष्कळदा मोडलेले काहीच नसते, तेल चुकलेले असते.

सर्व गोंधळाचे मूळ ‘स्थितिक घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असते’ या विधानात आहे. अकरावीची मुले हे वाक्य गुरुत्वाकर्षणाच्या नियमाइतक्याच आदराने पाठ करतात. प्रत्यक्षात तो निसर्गाचा अटळ नियम नाही. कोरड्या लाकडाचा, धातूचा, दगडाचा तो नेहमीचा अनुभव आहे. पृष्ठभागावर योग्य पदार्थाचा थर दिला तर हा क्रम उलटवता येतो. मग हळू सरकताना घर्षण कमी असते आणि वेग वाढला की थोडे वाढते. असे झाले की उडी घेऊ पाहणाऱ्या चकतीला वाढते घर्षण मागे ओढते. चकत्या सुरळीत सरकतात आणि हादरे थांबतात. छोट्या बाटलीतल्या द्रवाचे काम एवढेच. चकत्यांची पकड तशीच ठेवायची, फक्त तिच्या दोन टोकांतला फरक पुसून टाकायचा. इंग्रजीत त्याला ‘फ्रिक्शन मॉडिफायर’ म्हणतात. आपण घर्षण-सुधारक म्हणू.

डोके आणि शेपटी

घर्षण-सुधारकाचे रेणू लांबट असतात. एका टोकाला धातूला चिकटणारे ‘डोके’ आणि मागे पंधरा-वीस कार्बन अणूंची स्निग्ध ‘शेपटी’. डोके पोलादाला धरते आणि शेपट्या भातखाचरातल्या रोपांसारख्या दाटीवाटीने उभ्या राहतात. समोरच्या चकतीवरही असेच ‘खाचर’ असते. साधे तेल दाबाखाली हळूहळू बाजूला सरते आणि पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात. जितका वेळ स्थिर, तितकी भेट घट्ट. म्हणून सुरुवातीचे घर्षण मोठे. रेणूंचा हा थर मात्र सहजासहजी दाबून निघत नाही. त्यामुळे थांबलेल्या चकत्याही एकमेकींना कायमच्या ‘चिकटत’ नाहीत. एक-दोन रेणूंच्या जाडीच्या अशा थरांचा अभ्यास इंग्लंडमध्ये विल्यम हार्डी यांनी १९२० च्या दशकात केला, आणि १९२२ साली त्याला ‘सीमावर्ती वंगण’ या अर्थाचे नाव दिले.

हे वर्गात दाखवता येते. लाकडी ठोकळ्यावर वजन ठेवा, त्याला रबरबँड बांधा आणि टेबलावरून अगदी सावकाश ओढा. ठोकळा झटक्याझटक्याने पुढे जाईल. भरभर ओढला तर झटके कमी होतात, हेही मुलांना पाहू द्या. आता ठोकळ्याच्या तळाला आणि टेबलाच्या त्या पट्ट्याला कपडे धुण्याचा कोरडा साबण घासा आणि पुन्हा सावकाश ओढा. झटके बरेच कमी झालेले दिसतील. साबणाच्या रेणूलाही डोके आणि शेपटी असते. अडकणाऱ्या ड्रॉवरच्या कडेला साबण किंवा मेण चोळणारा सुतार हार्डीसाहेबांचेच विज्ञान वापरत असतो.

देवमासा आणि वाळवंटी झुडूप

हे रेणू आणायचे कोठून? १९७० पर्यंत याचे एक उत्तर होते स्पर्म व्हेल जातीचा देवमासा. त्याच्या प्रचंड डोक्यात आणि चरबीत मिळणारे तेल रसायनशास्त्राच्या दृष्टीने खोबरेल किंवा शेंगदाणा तेलासारखे नसते. त्याचा बराचसा भाग द्रवरूप मेणाचा असतो. ते उष्णतेत टिकते, थंडीत पटकन गोठत नाही आणि गंधकाशी संयोग करून घेतल्यावर धातूला उत्तम चिकटते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात ते सर्रास मिसळत. तिथेही तेलात बुडालेल्या चकत्याच असतात. आपल्या या डिफरन्शियलच्या पूरक द्रवातही ते असे. दिव्याच्या तेलासाठी देवमाशांची कत्तल होत असे हे आपण वाचलेले असते. विसाव्या शतकातल्या मोटारींच्या वळणावरची कुरकुर थांबवण्यासाठीही ते मारले जात होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलचा समावेश धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत केला आणि या तेलाची वाट बंद झाली. तेल कंपन्यांच्या रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले. आज वापरात असलेले सुधारक बहुतांशी कारखान्यात तयार केलेले आहेत. पण एका वनस्पतीनेही तेव्हा लक्ष वेधले. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरील सोनोरा वाळवंटातील होहोबा (आपल्याकडे हे नाव ‘जोजोबा’ असेही लिहितात) या झुडपाच्या बियांत वजनाच्या जवळजवळ निम्मे द्रवरूप मेण असते, आणि त्याची घडण स्पर्म व्हेलच्या तेलाशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. राजस्थानच्या कोरड्या जमिनीतही या झुडपाची लागवड झाली आहे. आज मात्र त्याचे तेल गाडीपेक्षा सौंदर्यप्रसाधनांतच अधिक जाते.

तेल बदलताना

डिफरन्शियलच्या तेलाला दोन धनी असतात. पहिला धनी म्हणजे मोठ्या दातेरी चक्राची जोडी, आपल्या गॅरेजांतले ‘क्राऊन-पिनियन’. तिचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, जोराने घसरतातही. तिथे प्रचंड दाब असतो, म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घातलेली असतात. या तेलाला येणारा उग्र वास गंधकाचाच. डब्यावर ‘जीएल-५’ असे लिहिलेले असते ते या गुणासाठी. दुसरा धनी म्हणजे चकत्यांची चवड. तिच्यासाठी घर्षण-सुधारक हवा. काही डब्यांत तो आधीच मिसळलेला असतो आणि तसे डब्यावर लिहिलेले असते. काही गाड्यांसाठी तो वेगळा घालावा लागतो. अमेरिकी गाड्यांत सहसा ४ औंसांची, म्हणजे सुमारे ११८ मिलिलिटरची बाटली, एक-दोन लिटर तेलामागे. ‘थोडे जास्त घातले तर काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तर आता वाचकांनाच देता येईल. हादरे तर थांबतील, पण पकडही सैल होईल आणि चिखलात चाक पूर्वीसारखेच गरागरा फिरेल.

तेल का बदलायचे? सुधारकाचे रेणू उष्णतेने आणि सततच्या घासण्याने हळूहळू मोडतात, आणि चकत्यांची झीज तेलात साठत जाते. बदलण्यापूर्वी गाडी थोडी फिरवून आणावी. कोमट तेल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते. गाडी सपाट जागी, भक्कम टेकूंवर असावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, ही सूचना कितीही वेळा दिली तरी कमीच. नंतर, आणि हे अनुभवी कारागिराचे शहाणपण आहे, आधी वरचे भरण्याचे बूच सैल करून पाहावे, मगच खालचे उघडावे. वरचे बूच गंजून बसले असेल आणि तेल आधीच सोडून दिले असेल तर गाडी तिथेच अडकली. काही गाड्यांना खालचे बूच नसतेच. तिथे मागचे झाकण काढतात किंवा पंपाने तेल खेचून घेतात.

बाहेर आलेले तेल वाचता येते. बुचाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचे मऊ लोणी जमलेले दिसते. ही नेहमीची झीज, काळजीचे कारण नाही. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर मात्र गोष्ट गंभीर. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. ते कसे शिरते? लांबच्या प्रवासाने तापलेला आस ओढ्याच्या थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते. समजा ती ३५० केल्व्हिनवरून ३०० वर आली. पेटी बंद असेल तर आतला दाब एक सप्तमांशाने घटतो, आणि हवा ये-जा करण्याच्या नळीतून किंवा सैल झालेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. वायूंच्या नियमांसाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडायचे नाही.

नवे तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, ओघळू लागेपर्यंत भरतात. सुधारक वेगळा असेल तर तो आधी घालावा, कारण पेटी भरल्यावर त्याला जागाच उरत नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. सगळीच घसरण-रोधक डिफरन्शियल चकत्यांची नसतात. टोर्सेन नावाच्या प्रकारात मळसूत्री दातांचे घर्षणच कामी येते. तिथे हा सुधारक घातला तर हवे असलेले घर्षण विनाकारण कमी होण्याचा संभव असतो. दुसऱ्या एका प्रकारात दाट सिलिकोन द्रव कायमचा बंद केलेला असतो, तो बदलायचा नसतोच. आणि आजच्या पुष्कळ गाड्यांत डिफरन्शियल साधेच असते. फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि दुसऱ्या चाकाला पीळ मिळतो. म्हणून आपल्या गाडीत काय आहे हे गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे. ‘जाड तेल चांगले’ हा गॅरेजमधला सल्ला इथे उपयोगाचा नाही.

राहता राहिले आठ. सरळ रस्त्यावर गाडी शंभर किलोमीटर गेली तरी चवडीतल्या चकत्या एकमेकींवर फारशा सरकत नाहीत. त्या दाबलेल्या अवस्थेत एकत्रच फिरत असतात, आणि त्यांच्या फटींत जुने तेल अडकून राहते. नवे तेल आत जायचे तर चकत्या सरकायला हव्यात, म्हणजे गाडीने वळायला हवे. आठच्या एका आकड्यात दोन वर्तुळे येतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. आपल्या हिशेबाने प्रत्येक चवड ४.४ फेरे सरकते. असे दहा आठ काढले तर ४४ फेरे, आणि ते दोन्ही दिशांनी. चवडीतले जुने तेल निघून तिथे नवे पसरायला एवढे सहसा पुरते. सुरुवातीच्या एक-दोन आठांत किंचित कुरकुर ऐकू आली तर घाबरू नये. ती हळूहळू थांबत गेली तर सुधारकाचे रेणू चकत्यांवर आपापल्या जागी बसत आहेत. दहा-बारा आठांनंतरही ती कायम राहिली, तर तेलाच्या डब्यावरचा मजकूर पुन्हा वाचावा आणि मग चकत्या उघडून पाहाव्यात.

काढलेले जुने तेल डब्यात भरून ठेवावे. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवे. ते गोळा करणाऱ्याकडे पोचवण्याची सोय बऱ्याच मोठ्या गॅरेजांत असते.